ध्रुवीय प्रकाशामागे धावलेला शास्त्रज्ञ

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो, आल्टा या गावांत दर हिवाळ्यात जगभरचे पर्यटक ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी गर्दी करतात. अलीकडे त्यांत मराठी पर्यटकही दिसू लागले आहेत. आकाशात हिरव्या पडद्यासारखा लहरणारा हा प्रकाश कशामुळे दिसतो, हे आज तिथला कोणताही सहलमार्गदर्शक दोन वाक्यांत सांगतो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत येतो, पृथ्वीचे चुंबकत्व त्याला ध्रुवाजवळ वळवते आणि वरच्या हवेवर आदळून ते कण तिला उजळवतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही दोन वाक्ये उच्चारणे सोपे नव्हते. ती सिद्ध करण्यासाठी क्रिस्टियान बिर्कलँड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी याच डोंगरांत हिवाळे काढले, स्वतःचा पैसा ओतला आणि प्रकृती गमावली. त्यांच्या सोबत्यांपैकी एकाने बोटे गमावली आणि एकाने प्राण. एवढे करूनही त्यांचा सिद्धांत त्यांच्या हयातीत मान्य झाला नाही. तो खरा ठरला, तेव्हा त्यांना जाऊन पन्नास वर्षे लोटली होती.

पॅरिस, बॉन आणि पुन्हा घरी

बिर्कलँड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी ख्रिस्तियानिया शहरात झाला. आजचे ऑस्लो ते हेच. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली होता. देश गरीब, विद्यापीठ लहान. गणित आणि भौतिकशास्त्रात चमकलेल्या या तरुणाने पुढील शिक्षणासाठी युरोप गाठला. पॅरिसमध्ये आंरी प्वँकारे आणि बॉनमध्ये हाइन्रिख हर्ट्झ या त्या काळच्या श्रेष्ठ शास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांनी अभ्यास केला. १८९५ मध्ये मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय समीकरणांचे सर्वसाधारण उत्तर त्यांनी मांडले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १८९८ मध्ये, ते ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. ही वाट अशीच पुढे गेली असती, तर ते एक सन्मान्य सैद्धांतिक शास्त्रज्ञ म्हणून सुखाने निवृत्त झाले असते.

परंतु प्रयोगशाळेतील एका काचेच्या नळीने त्यांची वाट बदलली. निर्वात नळीतून जाणाऱ्या कॅथोड किरणांजवळ त्यांनी जोरदार चुंबक आणला, तेव्हा ते किरण चुंबकाच्या ध्रुवाकडे ओढले जाऊन एका ठिकाणी एकवटले. पृथ्वी हाही एक प्रचंड चुंबक आहे. मग सूर्याकडून असेच किरण येत असतील, तर तेही पृथ्वीच्या ध्रुवांकडेच ओढले जाणार, असे बिर्कलँड यांच्या मनात आले. ही कल्पना त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. कॅथोड किरण म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, हे जे. जे. थॉमसन यांनी दाखवून दिले ते त्यानंतरच्या वर्षी.

ही कल्पना त्या काळच्या प्रस्थापित मताच्या थेट विरोधात होती. १८९२ मध्येच लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीसमोर गणित मांडले होते. सूर्य पृथ्वीवर चुंबकी वादळ उठवत असेल, तर सूर्य चार महिन्यांत जेवढी ऊर्जा प्रकाश व उष्णतेच्या रूपाने देतो, तेवढी त्याला आठ तासांत खर्च करावी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून सूर्य आणि चुंबकी वादळे यांचा संबंध अशक्य, असा निर्वाळा त्यांनी दिला. सूर्य चुंबकी लहरी सर्व दिशांना पसरवतो, हे गृहीत धरले तर हे गणित बरोबर होते. सूर्याकडून कणांचा झोत येतो असे मानले, तर ते लागूच पडत नव्हते. मात्र केल्व्हिन यांच्या शब्दाला तेव्हा जे वजन होते, ते उत्तरेकडच्या एका तरुण प्राध्यापकाच्या तर्काला कोठून येणार? त्यासाठी पुरावा हवा होता आणि तो उत्तरेकडच्या आकाशातच मिळणार होता.

हाल्डेचा डोंगर

नॉर्वेचे उत्तर टोक म्हणजे फिनमार्क. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. १८९०च्या दशकाच्या अखेरीस बिर्कलँड यांनी काही विद्यार्थ्यांसह या प्रदेशात जाण्यास सुरुवात केली. पठारावरच्या बर्फाच्या वादळांनी त्यांना लवकरच आपले स्वरूप दाखवले. ब्यॉर्न हेलांड-हान्सेन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याची बोटे हिमदंशाने गेली. शल्यवैद्य होण्याचे त्याचे स्वप्न तिथेच संपले. पुढे हाच तरुण समुद्रविज्ञानाकडे वळला आणि त्या शास्त्राच्या जनकांपैकी एक मानला गेला, हा भाग वेगळा.

अशा अनुभवानंतर दुसऱ्या कोणी दक्षिणेतच राहून गणिते केली असती. बिर्कलँड यांनी मात्र डोंगराच्या माथ्यावर कायमस्वरूपी वेधशाळा बांधण्याचे ठरवले. नॉर्वेच्या संसदेकडून पैसा मिळवून १८९९ मध्ये आल्टाजवळच्या हाल्डे डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दगडी इमारत उभी राहिली. ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी उभारलेली ही जगातील पहिली कायमस्वरूपी वेधशाळा. सुमारे साडेतीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शिखरावर आणखी एक दगडी घर बांधण्यात आले आणि दोन्ही घरे दूरध्वनीच्या तारेने जोडण्यात आली. दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी प्रकाशाचा एकच ठिपका हेरायचा, दोन कोन मोजायचे आणि त्यांवरून प्रकाशाची उंची काढायची, अशी योजना होती.

१८९९-१९००चा हिवाळा बिर्कलँड आणि त्यांच्या सहायकांनी या शिखरांवर काढला. वारा इतका भयंकर असे, की बाहेर उभे राहणे अशक्य होई. उपकरणांवर बर्फ चढे. टपाल आणि शिधा खालून, बर्फातून वर आणावा लागे. याच मोहिमेत एलिसार बॉये हा तरुण सहायक हिमकडा कोसळून मरण पावला. विज्ञानाच्या इतिहासात अशा नावांना सहसा एक ओळ मिळते. बिर्कलँड यांच्या चरित्रात मात्र तिच्यावरून पुढे जाणे बरे नाही. त्या तरुणाला डोंगरावर नेणारे तेच होते.

आणि हाती काय लागले? उंचीचे मोजमाप फसले. ध्रुवीय प्रकाश जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर किंवा त्याहून वर असतो. एवढ्या उंचीसाठी दोन शिखरांमधले अंतर फारच थोडे होते, त्यामुळे दोन कोनांत पुरेसा फरकच पडत नव्हता. हे काम पुढे कार्ल स्टॉर्मर या गणितज्ञांनी १९१० मध्ये याच परिसरात, एकमेकांपासून दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी तडीस नेले. बिर्कलँड यांना मात्र डोंगरावर दुसरी गोष्ट दिसली. आकाशात प्रकाश नाचू लागला, की चुंबकसूची थरथरू लागते. म्हणजे वर कुठेतरी प्रचंड विद्युतप्रवाह वाहत असला पाहिजे.

काचेच्या पेटीतली पृथ्वी

परतल्यावर बिर्कलँड यांनी आकाश प्रयोगशाळेत आणण्याचा घाट घातला. धातूचा एक गोळा घेऊन त्यात विद्युतचुंबक बसवला. वरून असे रसायन लावले, की किरण पडताच ते चमकावे. हा गोळा काचेच्या निर्वात पेटीत टांगला. गोळा म्हणजे पृथ्वी आणि पेटीतला कॅथोड म्हणजे सूर्य. या लहानग्या पृथ्वीला टेरेला म्हणत. हे नाव सोळाव्या शतकाच्या अखेरीस चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या विल्यम गिल्बर्टपासून चालत आले होते.

खोली अंधारी केली आणि वीज सुरू केली, की गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती तेजाची वलये उमटत. नेमक्या ध्रुवावर अंधारच राही. खऱ्या पृथ्वीवरही हेच घडते. ध्रुवीय प्रकाश सर्वाधिक दिसतो तो उत्तर ध्रुवावर नव्हे, तर त्याच्याभोवतीच्या कड्यात, म्हणजे उत्तर नॉर्वे, आइसलँड, उत्तर कॅनडा, अलास्का या पट्ट्यात. हे कोडे काचेच्या पेटीत उलगडताना पाहून स्टॉर्मर इतके भारावले, की विद्युतभारित कणांचे चुंबकी क्षेत्रातील मार्ग आकडेमोडीने काढण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालवले.

कुलाब्याच्या नोंदी

एका डोंगरावरून सगळी पृथ्वी कळणार नाही, हे बिर्कलँड यांनी हाल्डेवर ओळखले होते. म्हणून १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी एकाच वेळी चार ठिकाणी तुकड्या पाठवल्या. एक फिनमार्कमधील कोफ्योर्ड येथे, दुसरी आइसलँडच्या डिराफ्योर्ड येथे, तिसरी स्पिट्सबर्गेनजवळच्या आक्सेलोया बेटावर आणि चौथी रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांवर. चारही ठिकाणी सारखीच उपकरणे होती. चुंबकसूचीची प्रत्येक थरथर छायाचित्रणाच्या कागदावर रात्रंदिवस नोंदली जात होती.

त्याच काळातील नोंदी त्यांनी जगभरच्या वीसहून अधिक वेधशाळांकडूनही मागवल्या. त्यांत डेहराडून होते आणि मुंबईची कुलाबा वेधशाळाही होती. कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १८४० च्या दशकापासून चालू होती. १८५९ च्या महाभयंकर सौरवादळाची जी दुर्मीळ नोंद जगात टिकली, ती याच वेधशाळेतील. १९०२-०३ मध्ये तिचे संचालक होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांमुळे चुंबकसूची विचलित होणार, म्हणून मूस यांच्याच काळात १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. उत्तर ध्रुवाच्या परिसरात उठलेले वादळ विषुववृत्ताजवळच्या मुंबईत कसे जाणवते, हे या नोंदींवरून पडताळता आले. ध्रुवीय प्रकाश ज्या शहरात सहसा दिसत नाही, त्या शहराचा त्याच्या संशोधनात असा वाटा आहे.

तोफ फसली, खत पिकले

या सगळ्याला पैसा लागत होता. सरकारी अनुदान पुरत नव्हते. बिर्कलँड यांनी पैसा उभा करण्यासाठी जे मार्ग चोखाळले, त्यांची कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. विद्युतचुंबकाच्या बळावर गोळा फेकणाऱ्या तोफेचे एकस्व त्यांनी १९०१ मध्ये घेतले आणि तिच्यासाठी कंपनीही स्थापन केली. विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठितांसमोर तिचे प्रात्यक्षिक झाले. कळ दाबताच शॉर्ट सर्किट झाले, कानठळ्या बसवणारा आवाज होऊन विजेची ज्वाळा उसळली आणि पाहुण्यांची पळापळ झाली. तोफेचे भवितव्य तिथेच संपले.

मात्र ती ज्वाळा वाया गेली नाही. १९०३ च्या फेब्रुवारीत, चारही तुकड्या उत्तरेच्या काळोखात नोंदी घेत असतानाच, एका मेजवानीत बिर्कलँड यांची सॅम आयडे या अभियंत्याशी गाठ पडली. आयडे यांच्याकडे धबधब्यांचे हक्क होते आणि त्यांतून मिळणाऱ्या स्वस्त विजेचे काय करावे, या विचारात ते होते. शेतीला लागणारे नायट्रेट तेव्हा प्रामुख्याने चिलीच्या खाणींतून येई. तो साठा आटला तर जगाला धान्य पुरणार नाही, असा इशारा सर विल्यम क्रूक्स यांनी १८९८ मध्ये दिला होता. हवेत नायट्रोजन भरपूर आहे. तो प्राणवायूशी संयोग पावावा, यासाठी प्रचंड तापमान हवे. विजेची ज्वाळा चुंबकाने थाळीसारखी पसरवली, तर तीन हजार अंश सेल्सियसच्या वरचे तापमान मिळते आणि तिच्यातून हवा सोडता येते, हे बिर्कलँड यांनी जाणले.

यातून बिर्कलँड-आयडे प्रक्रिया जन्माला आली. २ डिसेंबर १९०५ रोजी नॉर्स्क हायड्रो या कंपनीची स्थापना झाली. नॉर्वे स्वीडनपासून स्वतंत्र झाला, तेच हे वर्ष. नोटोडेन आणि नंतर रुकान येथे कारखाने उभे राहिले आणि हवेपासून बनवलेले खत शेतांत पोहोचू लागले. पुढे कमी वीज खाणाऱ्या हाबर-बॉश पद्धतीने ही प्रक्रिया मागे टाकली. पण नॉर्वेच्या औद्योगिक भरभराटीचा पाया तिने घातला होता.

बिर्कलँड यांच्या हाती पैसा आला. तो त्यांनी मोठमोठ्या निर्वात पेट्यांवर आणि संशोधनावर खर्च केला. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत वेगळीच होती. दिवसा कारखान्याचे प्रश्न आणि रात्री टेरेला, असे दिवस जाऊ लागले. झोप उडाली. ती यावी म्हणून व्हेरोनाल हे औषध सुरू झाले, जोडीला व्हिस्की. ऐकू कमी येऊ लागले. आयडे यांच्याशी असलेले संबंध बिघडत गेले. १९०५ मध्ये इडा हामर यांच्याशी झालेला त्यांचा विवाह १९११ मध्ये संपुष्टात आला.

बंद दारे

चार केंद्रांवरील मोहिमेचा बृहद्ग्रंथ १९०८ आणि १९१३ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा होता: विद्युतप्रवाह अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून खाली उतरतो, वरच्या वातावरणात काही अंतर आडवा वाहतो आणि पुन्हा बलरेषांवरूनच वर निघून जातो. ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकी वादळ ही या एकाच घटनेची दोन रूपे होत.

लंडनमध्ये याला फारसे कोणी विचारले नाही. सूर्यापासून निघालेला निव्वळ इलेक्ट्रॉनचा झोत एकमेकांना दूर लोटून वाटेतच विस्कटून जाईल, असा आक्षेप आर्थर शुस्टर यांनी घेतला. तो रास्तही होता. बिर्कलँड यांनी त्याचा विचार केला आणि १९१६ मध्ये सूर्याकडून ऋण आणि धन अशा दोन्ही प्रकारचे कण येतात, असे प्रतिपादन केले. आज ज्याला आपण सौरवात म्हणतो, त्याचेच हे वर्णन. परंतु तोवर युरोपात महायुद्ध पेटले होते आणि अशा गोष्टी ऐकायला कोणाला उसंत नव्हती.

बिर्कलँड १९१३ पासून इजिप्तमध्ये राहत होते. सूर्यास्तानंतर क्षितिजावर दिसणाऱ्या राशिचक्रीय प्रकाशाचा अभ्यास हे त्यामागचे कारण. थोराल्फ स्कोलेम हे पुढे नावाजलेले गणितज्ञ याच कामासाठी त्यांच्यासोबत सुदानला गेले होते. हा प्रकाशही सूर्याच्या विद्युतकणांमुळेच दिसतो, असे बिर्कलँड यांना वाटे. ते चुकीचे होते. तो अवकाशातील धुळीवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश आहे. एकाकीपणा, निद्रानाश आणि औषधांचा अतिरेक यांनी त्यांच्या मनाचा ताबा घेतला. इंग्रज आपल्यावर पाळत ठेवून आहेत, या संशयाने त्यांना घेरले.

१९१७ मध्ये त्यांनी मायदेशी परतण्याचे ठरवले. युद्धामुळे युरोपचा जलमार्ग धोक्याचा होता, म्हणून ते पूर्वेकडून, जपानमार्गे निघाले. तोकियोत तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांचे स्वागत केले. १५ जून १९१७ रोजी उएनो बागेतील हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक व्हेरोनाल त्यांच्या पोटात गेले होते. चुकून की जाणूनबुजून, याचा निवाडा कधीच झाला नाही. वय ४९. भौतिकशास्त्रज्ञ आणि निबंधकार तोराहिको तेरादा यांनी पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या अखेरच्या दिवसांवर एक लेख लिहिला. मायभूमीपासून इतक्या दूर मरण पावलेल्या या माणसाची आठवण एका जपानी लेखकाने अशी जपून ठेवली.

उपग्रहाचा कौल

बिर्कलँड यांच्यानंतर या क्षेत्रात सिडनी चॅपमन या इंग्रज गणितज्ञाचा दबदबा निर्माण झाला. प्रवाह अवकाशातून येत नाहीत, ते वातावरणाच्या वरच्या थरातच फिरतात, असे चॅपमन यांचे मत. स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांनी बिर्कलँड यांची बाजू नेटाने लावून धरली. पण वाद मिटेना, आणि त्याला कारणही होते. जमिनीवर ठेवलेल्या चुंबकसूचीवर दोन्ही कल्पनांचा परिणाम जवळपास सारखाच होतो. खाली उभे राहून कोणाचे खरे, हे ठरवता येणेच शक्य नव्हते. हाल्डेच्या डोंगरावर बिर्कलँड यांनी आणखी शंभर हिवाळे काढले असते, तरी हा निकाल लागला नसता.

निकाल लागला तो वरून. अमेरिकी नौदलाने १९६३ मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाला सुमारे ११०० किलोमीटर उंचीवर, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना दर वेळी चुंबकीय क्षेत्रात खळबळ आढळू लागली. १९६६ आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतून अर्थ उलगडला. हे प्रवाह बलरेषांवरूनच येत-जात होते. १९७० च्या दशकात ट्रायड उपग्रहाने त्यांचा नकाशाच तयार केला. दहा लाख अँपिअरच्या घरात जाऊ शकणाऱ्या या प्रवाहांना आता बिर्कलँड प्रवाह म्हणतात. १९७० मध्ये आल्फव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बिर्कलँड यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले होते. ते त्यांना मिळाले नाही.

अर्थात, त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. सूर्याचे कण थेट ध्रुवावर येऊन आदळतात, असे त्यांचे चित्र होते. प्रत्यक्षात सौरवात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडका देतो, ऊर्जा तिथे साठते आणि कण बहुतांशी पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडून गती घेऊन खाली येतात. पण सूर्याशी असलेले नाते आणि प्रवाहांची वाट या दोन मूळ गोष्टी त्यांनी अचूक हेरल्या होत्या.

नॉर्वेने १९९४ मध्ये आपल्या दोनशे क्रोनरच्या नोटेवर बिर्कलँड आणि त्यांचा टेरेला छापला. २०१७ मध्ये नव्या नोटा आल्या आणि हे चित्रही चलनातून गेले. हाल्डेची वेधशाळा १९२६ पर्यंत चालली, मग तिचे काम ट्रॉम्सोला हलवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी १९४४ मध्ये ती जाळली. पुढे तिची डागडुजी झाली. उन्हाळ्यात गिर्यारोहक आजही तिथवर चढून जातात.

मे २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या सौरवादळात लडाखमधील हान्ले येथूनही आकाशात लालसर झळाळी टिपली गेली. अशा वादळांचे इशारे आता आधी मिळतात; वीजपुरवठा, उपग्रह आणि विमानमार्ग यांची काळजी घेणाऱ्यांना त्यांची गरज असते. ट्रॉम्सोला जाणारा पर्यटकही भ्रमणध्वनीवर तोच अंदाज पाहून रात्री किती वाजता बाहेर पडायचे ते ठरवतो. त्या अंदाजामागचे शास्त्र ज्या दगडी घरातून सुरू झाले, ते आल्टाच्या डोंगरावर अजून उभे आहे. तिकडे जाणाऱ्यांनी आकाशाबरोबर त्या शिखराकडेही एकदा जरूर पाहावे.